बसून घेतलेलं माप

माझ्या धंद्यात पहिल्या भेटीत गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "साधीशी वेबसाइट पाहिजे हो, जास्त काही नको." पंधरा वर्षं ऐकतेय, पण एकदाही ती साधीशी निघालेली नाही. साधीशी म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात गोल फिरणारा गणपती हवा असतो. मग लोगो मोठा हवा असतो, मग त्याहून मोठा. शेवटी मेव्हण्याला निळा रंग आवडला नाही म्हणून सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. त्यात मी तापट. अंधेरीच्या एजन्सीत नोकरीला होते तेव्हा क्लायंटसमोर मला शक्यतो नेत नसत, आणि ते बरोबरच होतं. नोकरी सोडून घरून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. तिला माझ्या यशापेक्षा माझ्या जिभेची जास्त काळजी होती.

जोगेश्वरीच्या काकी मात्र साधीशी म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला आधी पाटावर बसवलं. दुकानात खुर्ची एकच, आणि तिच्यावर काका बसून इस्त्री केलेल्या साड्या पिशव्यांत भरत होते. दुकान स्टेशनच्या पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दहा बाय बाराची खोली, तीन मशिनी आणि बाहेर पिवळ्या अक्षरांचा बोर्ड. काकी शिवलेल्या नऊवाऱ्या करायच्या. नऊ वार साडी नेसायला हल्ली कोणाला वेळ आहे आणि येतं तरी किती जणींना? काकी निऱ्या, काष्टा सगळं आधीच शिवून द्यायच्या. पायजम्यासारखी चढवायची, पदर खांद्यावर टाकायचा, की पाच मिनिटांत बाई तयार. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या.

"बिल्डिंग पाडतत," काकी म्हणाल्या. "नवीन व्हायला तीन वर्षं तरी. तोपर्यंत बोरिवलीला भाड्याने, सहाव्या मजल्यार. सोसायटी बोर्ड लावूक देत नाय. सहाव्या मजल्यार माका शोधत कोण येतला? बोर्ड गेलो काय मी पण गेलंय, गो."

काका पिशव्या भरता भरता म्हणाले, "मुलगा म्हणतो, आता आराम कर."

"आराम करूक मी काय आजारी आसय?" काकी त्यांच्यावर डाफरल्या, आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे सगळं सांगितलं. वर्षाचं निम्मं काम गुढीपाडव्याच्या आधीच्या दोन महिन्यांत येतं, कारण शोभायात्रेसाठी मुलींपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना नऊवारी लागते. हा पाडवा वेबसाइटवर निघाला तर धंदा चालू ठेवायचा. कोरडा गेला तर मशिनी विकायच्या आणि मुलाचं ऐकायचं. हे त्यांनी रडतबिडत सांगितलं नाही. त्यांचं ठरलेलं होतं.

मी छाती ठोकून म्हटलं, "काकी, तुम्ही काळजीच सोडा. झकास करून देते."

मग त्यांनी वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आणि प्रत्येक पानावर चौदा ओळी. उंची, कंबर, सीट म्हणजे मागचा घेर, हे तर होतंच. त्याखाली पूजेला बसणार की नाचणार, स्कूटर चालवणार का, गुडघे दुखतात का, कडेवर मूल असणार का, असलं काय काय. आणि शेवटी एक माप, त्याच्याभोवती दर पानावर लाल पेनाने गोल. ते आसनाचं माप. बाईला पाटावर मांडी घालून बसवायचं, टेप पाठीमागून कमरेपाशी धरायची, खालून काढून पुढच्या कमरेपर्यंत आणायची. मग एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत. मला पाटावर का बसवलं होतं तेही तेव्हा कळलं. बोलता बोलता माझं माप घेऊन झालंसुद्धा होतं.

आता माझ्या धंद्याचा एक मंत्र आहे आणि तो मी एजन्सीत घोकून घोकून शिकले होते. माणसाला कमीत कमी विचारा. रकाने वाढले की गिऱ्हाईक पळालं. चौदा प्रश्न बघून मला घामच फुटला. दोन आठवडे मी काकींची वही कापत बसले. मूल कडेवर, गेलं. स्कूटर, गेली. शेवटी उरले तीन रकाने, उंची, कंबर आणि सीट. दिसायला इतकं सुरेख झालं होतं म्हणता! जांभळ्या रंगावर सोनेरी काठ, मधोमध तीन चौकोन आणि खाली एक बटण. मी स्वतःवरच खूश होते.

काकींनी माझ्या लॅपटॉपवर ते पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला.

"आणि बसान घेतलेला माप?"

"काकी, घरी बसून ते कोण मोजणार? मी वहीतल्या दोनशे बायकांची मापं टाकून हिशोब बसवलाय. उंची आणि सीट दिली की आसन आपोआप निघतं."

"आपोआप?"

"आपोआप."

काकींनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तुका त्यातला कळता. माका काय."

मी हा होकार समजले. आता माहीत आहे की मालवणी माणूस असं बोलला की तो होकार नसतो. त्याने तुमच्याशी वाद घालायचं सोडलेलं असतं.

साइट माघी गणपतीच्या दोन आठवडे आधी सुरू झाली आणि चौथ्याच दिवशी नऊ साड्यांची ऑर्डर आली. बोरिवलीच्या एका सोसायटीचं महिला भजनी मंडळ. मी काकींना फोन करून अक्षरशः ओरडले. काकींनी आठ दिवसांत नऊच्या नऊ शिवल्या, काकांनी नेऊन पोचवल्या. गणपतीच्या सकाळी मंडळाच्या प्रमुख बाईंनी फोटो पाठवला. नऊ जणी एका ओळीत उभ्या, हिरव्या नऊवाऱ्या, नाकात नथ. मी तो फोटो लगेच साइटवर चढवला.

दुपारी त्या भजनाला बसल्या. म्हणजे बसायला गेल्या. पहिल्या जिने मांडी घातली तिचा काष्टा शिवणीतून टर्रकन गेला. दुसरी अर्धी बसली आणि तिथेच अडकली, तिला दोघींनी धरून उठवलं. गुडघ्यांवर साडी इतकी ताणली जात होती की पेटी वाजवणारीला पेटी टेबलावर ठेवायला लागली. सगळ्यात थोरल्या आजींना तर खाली बसताच येईना. कमरेवर हात ठेवून त्या भजन संपेपर्यंत विठोबासारख्या उभ्या होत्या. संध्याकाळी साइटवर पहिला अभिप्राय पडला. एक तारा, उसवलेल्या शिवणीचा फोटो आणि खाली एकच वाक्य, 'ही नऊवारी फक्त उभं राहण्यासाठी आहे.'

माझा पहिला विचार काय होता सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, या बायकांनीच मापं चुकीची भरली असणार. रागारागाने लॅपटॉप उघडून एकेकीचं माप तपासलं. सगळी बरोबर होती. उभ्या बाईचं माप उभ्या बाईचंच असतं. दोन बायकांची उंची, सीट सारखी असली तरी बसल्यावर एकीची मांडी पसरते, दुसरीचं पोट पुढे येतं, तिसरीचा गुडघा वाकतच नाही म्हणून ती पाय एका बाजूला घेऊन बसते. माझ्या हिशोबात यातलं काहीच नव्हतं. बावीस वर्षं काकी ज्याच्याभोवती लाल गोल काढत होत्या, तेवढंच नेमकं मी काढून टाकलं होतं. एवढी लाज मला आजवर कशाची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोगेश्वरीला गेले तेव्हा वाटलं होतं, काकी झाडतील मला. त्यांनी झाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला.

मी म्हटलं, "काकी, तो अभिप्राय मी काढून टाकू शकते. कोणाला दिसणार नाही."

"कित्याक काढतस? ता खरा आसा."

"पण पाडव्याचं काय? वरच एक तारा दिसतोय. कोण ऑर्डर देणार?"

"ता मग बघू. आधी ह्या बायकांका बसूची सोय करूया." त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि पायांत चपला सरकवल्या. मला काही न विचारता पाट माझ्या हातात दिला.

काकांनी फोन करून ठेवला होता, बोरिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ जणी आमची वाटच बघत होत्या. बोलायची भरपूर तयारी करून आल्या होत्या, आणि प्रमुख बाई तर आवाज चढवूनच बसल्या होत्या. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. मी बसान माप घेतलंय नाय." चूक माझी होती. काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पाट मांडला आणि थोरल्या आजींना बसवलं.

ते बघायला मजा होती. "पाठ सरळ गो. श्वास सोड, पोट आत ओढू नको, देव बघणा नाय. आता हसान दाखव. हसल्यावर जेवढा पोट येता तेवढा धरूचा." आजी खरंच हसल्या. पण एकेकीला पंधरा मिनिटं लागत होती आणि बाकीच्या ताटकळल्या होत्या. त्यांच्यातल्या दोघी कंटाळून जमिनीवरच बसल्या आणि काकी तिकडून सांगतायत तसतसं एकमेकींना मोजायला लागल्या. एकीने टेप धरली, दुसरीने आकडा सांगितला. त्यांचं बघून आणखी दोघी बसल्या. काकी त्यांच्याकडे न बघताच ओरडत होत्या, "टेप ओढू नकात! माप आसा ता, म्हैस नाय!" हॉलमध्ये हशा पिकला. काकींनी नंतर सगळ्यांची मापं पुन्हा घेऊन पाहिली, ती अर्ध्या इंचाच्या आतबाहेर जुळली.

मी भिंतीला टेकून उभी होते. घरी बसून ते कोण मोजणार, असं मी विचारलं होतं ना? उत्तर माझ्यासमोर बसलं होतं. बाई घरी एकटी नसते. नवरा असतो, मुलगी असते, सासू असते, समोरच्या दारातली मैत्रीण असते. त्यांना रकाने नकोच होते. कोणीतरी शेजारी बसून हक्काने सांगणारं हवं होतं. काकी जर कानाशी बोलत असत्या, तर चौदा काय, चाळीस प्रश्नांना कोणी कंटाळलं नसतं.

घरी येऊन मी ती सुरेख जांभळी साइट मोडून टाकली. पाडव्याला जेमतेम आठ आठवडे होते आणि दुकान रिकामं करायला दहा दिवस.

नवीन साइटमध्ये रकाने ठेवलेच नाहीत. एका वेळी एक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला काकींचा व्हिडिओ, अर्ध्या मिनिटाचा. पण काकी कॅमेऱ्यासमोर बसल्या की त्यांचं काहीतरी व्हायचं. "नमस्कार. आज आपण आसनाचे माप कसे घ्यावे ते पाहूया," असं त्या बातम्या दिल्यासारख्या बोलायला लागल्या. मी एकदा समजावलं, दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझा पारा चढला. "काकी, हे कोण बोलतंय? मला तुम्ही पाहिजे!" त्याही भडकल्या. "मगे ता डोळ्यासमोरचा काळा भोक बंद कर आणि तू बस पाटार!"

मी बसले. मोबाइल स्टुलावर उभा केला, चौकटीत फक्त त्यांचे हात आणि माझी मांडी येईल असा. चेहरा कोणाचाच नाही. बस, काकी सुटल्या. टेप धरून मला असं काही झापायला लागल्या की काका खुर्चीवर बसून हसत होते. चौदाच्या चौदा प्रश्न एका दुपारीत झाले. त्यात कडेवरचं मूल होतं, स्कूटर होती, दुखरे गुडघे होते, म्हैसही होती. माझ्या कमरेचा घेर तेव्हापासून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझी हरकत नाही.

एक गोष्ट मी काकींना न विचारता केली नाही. तो एका ताऱ्याचा अभिप्राय. मी विचारलं, "हा खाली सरकवू का?" काकी म्हणाल्या, "वरच ठेव." दरम्यान दुरुस्त केलेल्या साड्या बोरिवलीला पोचल्या होत्या, आणि प्रमुख बाईंनी जुन्या अभिप्रायाखाली नवीन लिहिलं, 'काकी स्वतः आल्या, बसवून मापं घेतली. काल दोन तास मांडी घालून बसले.' तारे पाच. मी दोन्ही एकाखाली एक, उसवलेल्या शिवणीच्या फोटोसकट, पहिल्याच पानावर लावले. एजन्सीतल्या माझ्या जुन्या साहेबांनी ते बघितलं असतं तर त्यांना चक्कर आली असती.

दुकानाच्या किल्ल्या द्यायच्या दिवशी काकांनी बोर्डाचे स्क्रू काढले. बोर्ड खाली उतरला तेव्हा भिंतीवर त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन दिसत होता. काकींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि टेम्पोत जाऊन बसल्या. साइट त्याच दिवशी सुरू केली होती. त्या दिवशी एकही ऑर्डर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दर दहा मिनिटांनी बघत होते. काकी फोन करत नव्हत्या आणि मी करायला घाबरत होते.

तिसऱ्या दिवशी एक आली, घाटकोपरहून. चौदाच्या चौदा उत्तरं भरलेली, आणि शेवटी बाईने आपणहून लिहिलं होतं, 'हसून मोजलं आहे.' मी ते वाचून घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. त्या रात्रीपर्यंत तीन झाल्या. आठवडा संपेपर्यंत मुलुंड, अंधेरी, नाहूर, गोवंडी. एका शाळेतल्या सतरा शिक्षिका एकदम आल्या, त्यांनी स्टाफरूममध्ये बसून एकमेकींची मापं घेतली होती. काकींनी जुन्या शेजारणींपैकी दोघींना हाताशी घेतलं, मग आणखी एकीला. पाडव्याच्या आठ दिवस आधी काकींचा फोन आला. मला वाटलं काहीतरी बिघडलं.

"बंद कर गो ता," काकी म्हणाल्या.

"काय झालं?"

"काय होतला? हात दोनच आसत माझे! आता नवीन घेऊ नको. मशिनी तीन होत्या, काकांनी चौथी आणल्यानी."

मी साइटवर पाटी लावली, 'पाडव्याच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या आहेत.' आयुष्यात किती पाट्या बनवल्या, पण इतक्या आनंदाने एकही नाही. मशिनी विकायचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही. आणि त्या हंगामातली एकही साडी परत आली नाही. एकही नाही.

पाडव्याच्या सकाळी काकींनी मला बोरिवलीला शोभायात्रेला बोलावलं. त्या स्वतः मोतिया रंगाची नऊवारी नेसून आल्या होत्या. ढोल, लेझीम, भगवे फेटे, स्कूटरवर बसलेल्या बायका, सगळं समोरून चाललं होतं आणि काकी कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या सगळ्यांच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. "ती माझी. ती नाय. ती माझी. ही पण माझीच गो!" त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ होता.

मग ढोल विसाव्याला थांबले. लेझीमवाल्या दहाबारा जणी झाडाच्या सावलीत भर रस्त्यावर मांडी घालून बसल्या, पाणी प्यायल्या, हसल्या, वाकून एकमेकींच्या ओंजळीत सरबत ओतू लागल्या. काही उसवलं नाही. त्यांच्यातली एक जण पाठीत पोक काढून बसली होती, काकींना राहवेना. "पाठ सरळ गो! काष्टो बघ कसो गोळा झालो!"

ती मुलगी गर्रकन वळली. काकींकडे बघतच राहिली. "अय्या! आवाज! अहो, तुम्ही मोबाइलमधल्या काकी ना?"

"टेप ओढू नको, म्हैस नाय ती!" तिच्या मागे उभा असलेला तिचा नवरा ओरडला. "काकी, माप मी घेतलं हिचं. तुमच्या शिव्या मला पाठ आहेत!"

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण गर्दीच झाली. ज्यांनी काकींना कधी बघितलं नव्हतं त्या बायका काकींच्या पाया पडत होत्या, गळ्यात पडत होत्या, गिरकी घेऊन साडी दाखवत होत्या. एक बाई बाजूला नुसतीच बघत होती, पंजाबी ड्रेसमध्ये. तिने विचारलं, "मलापण शिवायचीय. दुकान कुठे आहे तुमचं?"

काकींनी तिच्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं. "तुझ्या हातात आसा ना." मग मला दंडाला धरून पुढे ओढलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हिनेच बांधल्यान माझा दुकान."

ढोल पुन्हा सुरू झाले. मी भर रस्त्यात, भर उन्हात, पदर नसताना ओढणीने डोळे पुसत होते, आणि काकी त्या पंजाबी ड्रेसवाल्या बाईला खाली बसवायला जागा शोधत होत्या.